रेडी म्हणायच्या आधी

गेटसमोर कुणीतरी स्कूटर आडवी लावून गेलं होतं आणि बाबा गॅलरीत उभे राहून त्या माणसाला झाडत होते, पण ऐकू काहीच येत नव्हतं. ती स्वयंपाकघरातून बघत होती, हात ओले, नळ चालू. बाबा पाठमोरे. मान पुढे काढलेली, शिरा तट्ट फुगलेल्या, एक मूठ कठड्यावर आणि एक हात हवेत. म्हणजे सगळी जय्यत तयारी झालेली, आणि एवढ्या तयारीतून बाहेर काय पडत होतं, तर नळाला पाणी यायच्या आधी नुसती हवा फुसफुसते ना, तेवढंच. खाली स्कूटरवाला परत आला. त्यानं वर बघितलं, म्हातारा हात करतोय असं वाटून त्यानंही हात केला, हसला, किक मारली आणि गेला. आणि ती हसली. मनातल्या मनात नव्हे, चांगली खळखळून. बाबा वळले. तिच्याकडे बघून त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि आत येऊन खुर्चीवर बसले. तिनं नळ बंद केला. हे घर इतकं शांत होऊ शकतं हे तिला शेहेचाळीस वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं. बरी जिरली, असं तिच्या मनात आलं, अगदी स्पष्ट शब्दांत. लाज वाटायला हवी होती, हे तिला कळत होतं. वाटत मात्र नव्हती. ती भांडी पुसायला लागली.

तो आवाज म्हणजे साधासुधा आवाज नव्हता. बाबा जन्मभर पोहायला शिकवत आले. मोठ्या तलावाच्या पलीकडच्या काठाला पोहणाऱ्या पोराच्या कानात पाणी असतानाही त्याला ऐकू जाईल असा गळा. बाकीचे मास्तर शिट्टी वापरायचे. बाबा म्हणायचे, "शिट्टी कशाला? गळा काय भाड्यानं दिलाय?" पोरं त्यांना पाठीमागे भोंगा म्हणायची आणि तीही मनातल्या मनात भोंगाच म्हणायची. हा भोंगा तलावावरून घरी आला की बारीक व्हायचा, असंही काही नव्हतं. टॉवेल जागेवर नसला तरी तोच आवाज, परीक्षेत चांगले मार्क पडले तरी तोच. त्यांची शाबासकीसुद्धा अशी यायची की शेजारचे दार उघडून बघायचे, आज कुणाचा नंबर लागला म्हणून. आई त्या आवाजाखाली हळू बोलत बोलत शेवटी ओठांनीच बोलायला लागली. बहिणीशी फोनवर दोन शब्द बोलायचे असले की ती फोनची लांब वायर ओढत न्हाणीघरात जायची, नळ सोडायची आणि पाण्याच्या आवाजाआड बोलायची. काय बोलायची ते आई गेली तरी कुणालाच कळलं नाही. आईनं पाणी किती वाया घालवलं यावर मात्र बाबा दर महिन्याला बोलायचे.

आणि तिचं म्हणाल तर तिचं सगळं त्या एका दिवसापाशी येऊन अडायचं. ती नऊ वर्षांची, खोल पाण्याच्या कडेला उभी, आणि मागून पाठीवर बाबांचा हात. ढकललंच त्यांनी. ती खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. नाकात पाणी, घशात पाणी, आणि त्या सगळ्या हिरव्या गिचमिडातून तो आवाज, "हात मार, हात मार, अगं दगड आहेस का तू?" आख्खा तलाव हसला. ती कशीबशी काठाला लागली, स्वतःच्या हातांनी लागली, हे तेव्हाही कुणी बघितलं नाही आणि नंतरही कुणी बोललं नाही. त्या दिवसापासून ती दगडी झाली. शाळेत दगडी, गल्लीत दगडी, आणि लग्न झाल्यावर नवऱ्याला कुणीतरी हौसेनं सांगितलं तेव्हा तिथेही दगडी. नवरा सुटला, नाव राहिलं. उत्तर तिच्याकडे तयार होतं. ते ती आंघोळ करताना म्हणायची, बसमध्ये म्हणायची, त्यात दुरुस्त्या करायची, नको ते काढायची, हवं ते घालायची. पण ते द्यायला फट कुठे होती? भोंगा चालू असताना कोण बोलणार, आणि भोंगा बंद असायचा तेव्हा तो झोपलेला असायचा.

असल्या घरातली मुलगी नोकरीला कुठे लागावी, तर गळ्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये. तिथे तिची जागा लेसरच्या यंत्रापाशी. हे यंत्र म्हणजे कपाटाएवढं धूड, आत एका नळीत वायू कोंडलेले, आणि त्यातला मुख्य कोण, तर आपण श्वासावाटे बाहेर टाकतो तोच. त्यातून जो किरण निघतो तो डोळ्यांना दिसत नाही. एका लांब दांड्यातून, सांध्यासांध्यात बसवलेल्या आरशांवर वळणं घेत तो मायक्रोस्कोपपाशी येतो आणि तिथून रोग्याच्या गळ्यात उतरतो. माणसाचं मांस म्हणजे बहुतेक पाणीच. किरण पडला की त्यातलं पाणी उकळतं, वाफ होते, आणि तेवढीच जागा, केसाएवढी, नाहीशी होते. रक्तही फारसं येत नाही, बारीक शिरा भाजून जागीच बंद होतात. फक्त धूर येतो, आणि तो वास. पहिल्या आठवड्यात तिनं जेवण सोडलं होतं, पुढे त्याचं काही वाटेनासं झालं. किरण दिसत नाही म्हणून त्याच्या सोबतीला एक लाल ठिपका सोडतात. ठिपका कापत नाही. तो नुसता सांगतो, सुरी इथे पडणार आहे. आणि तो खरं सांगतोय ना, हे बघायला आधी एका ओल्या लाकडी पट्टीवर एक वार करतात. जीभ दाबायची असते ना, तीच पट्टी. डाग ठिपक्याच्या आत पडला तर ठीक. दांड्याला धक्का लागला, एखादा आरसा केसभर सरकला, तर ठिपका एकीकडे आणि सुरी दुसरीकडे. म्हणून दांडा हलला की पुन्हा पट्टी, हा नियम.

आणि यंत्र तिच्या हातात. सर्जननं डोळे मायक्रोस्कोपवरून काढले की ती बटण दाबून यंत्र थोपवणार आणि मोठ्यानं म्हणणार, "स्टँडबाय." ते पुन्हा बसले, सगळं ठाकठीक आहे हे तिनं बघितलं, की म्हणणार, "रेडी." तिच्या तोंडून रेडी निघाल्याशिवाय सर्जनच्या पायाखालच्या पेडलवर हत्ती उभा केला तरी ठिणगी पडत नाही. हे तिला आवडायचं. का नाही आवडणार? आख्ख्या जगात ही एकच खोली अशी होती जिथे माणसं तिच्या शब्दासाठी थांबायची. तिथे ती सिस्टर होती, दगडी नव्हती. आपलं काम आपल्याला चांगलं येतं हे तिला माहीत होतं आणि ते चारचौघांत सांगायला ती लाजत नसे. नवे डॉक्टर तिला खडूस म्हणायचे. म्हणोत.

बाबांचा आवाज बसायला लागला तेव्हाच तिनं सांगितलं होतं, एकदा दाखवून घ्या. "सर्दी आहे. मला शिकवू नकोस." पुन्हा सांगितलं तर पुन्हा तेच. मग तिनं सोडून दिलं. स्कूटरवाला हात करून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते स्वतःच बूट घालून तिच्या मागोमाग निघाले. गळा मॅडमनी तपासला. मॅडम म्हणजे तिच्या थिएटरच्या मुख्य सर्जन, चणीनं लहान, आणि इतकं हळू बोलणाऱ्या की समोरच्याला पुढे वाकावंच लागतं. हळू बोलणाऱ्यांचा हुकूम जास्त चालतो हे ती मॅडमकडे बघूनच शिकली होती. तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला, पण लहान, डाव्या स्वरतंतूवर. "लेसरनं काढता येईल," मॅडम म्हणाल्या. "जीवाला धोका नाही म्हणा. आवाजाचं सांगते." त्यांनी दोन बोटं इंग्रजी व्हीसारखी धरली. "हे दोन तंतू. पुढे इथे एकत्र येतात. गाठ या टोकाच्या अगदी जवळ आहे. हा तंतू थोडा जाईल, आवाज घोगरा होईल, पण राहील. मात्र पलीकडच्या तंतूला इथे धग लागली तर दोन्ही जखमा एकमेकींना चिकटतात. मग कुजबुज. कायमची." बाबा त्या दोन बोटांकडे बघत बसले. ती बाबांकडे बघत बसली. कुजबुज, कायमची. आईच्या वाट्याला जे आलं तेच, एवढंच तिच्या मनात आलं, आणि मग ते जाईना.

धाकट्या भावाचा फोन आला. धाकटा दूरच्या शहरात, तिथून त्याचा जीव नेहमी तुटायचा. "ताई, तू आत थांबू नकोस. घरच्या माणसाच्या ऑपरेशनला कुणी थांबतं का?"

"दुसरी आहे कोण? जिला यंत्र येतं ती बाळंतपणाला गेलीय."

"मग पुढे ढकला ना."

"गाठीला विचारून बघ, थांबते का."

तो हसला. "तसं बघितलं तर घरात शांतता होईल गं. तुझ्याच कानांना आराम." थट्टाच केली त्यानं, वाईट मनात काही नव्हतं. त्याला भोंगा कधी तसा लागलाच नव्हता. धाकटा माशासारखा पोहायचा. तिनं फोन ठेवला. त्यानं थट्टेत म्हटलं ते तिनं आठवडाभर मनात जपून ठेवलं होतं, आणि कुणीतरी खिशातून काढून सगळ्यांसमोर दाखवावं तसं तिला झालं. मॅडमही म्हणाल्या, "बघा हं सिस्टर, जमणार नसेल तर मी बाहेरून माणूस मागवते." जमेल, ती म्हणाली. का म्हणाली? बाबांची काळजी म्हणून? काळजी होतीच, ती काही राक्षसीण नव्हती. पण आपल्या खोलीत, आपल्या यंत्रापाशी, आपल्या शब्दावर भोंगा आडवा पडणार आहे आणि तेव्हा तिथे दुसरंच कुणी उभं राहणार, हे तिला सहन होणार नव्हतं. ते तिला बघायचं होतं.

सकाळी ती त्यांच्या खाटेपाशी गेली. हिरव्या गाऊनमध्ये बाबा अर्धेच दिसत होते. दातांची कवळी काढलेली, गाल आत गेलेले. त्यांनी बोटानं जवळ बोलावलं. ती वाकली. त्यांच्यासाठी वाकावं लागतंय, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. तिला वाटलं, आता म्हणतील, काळजी वाटते. म्हणतील, तू आहेस ना आत. ते घोगऱ्या हवेत म्हणाले, "नीट बघ. वेंधळेपणा करू नकोस."

"नाही करत," ती म्हणाली आणि सरळ झाली. या माणसाला मरणाच्या दारातसुद्धा दुसऱ्याचा हातच चुकताना दिसतो, असा विचार करत ती हात धुवायला गेली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ धूत राहिली.

थिएटरमध्ये मात्र तिचे हात कामाला लागले की डोकं मागे पडायचं. दाराबाहेरचा दिवा लावला. सगळ्यांनी चष्मे घातले. भूलवाले डॉक्टर जाड, गमत्ये, कामात पक्के. त्यांनी बाबांना झोपवलं, श्वासनलिकेत नळी घातली. लेसरसाठी असते ती वेगळी, धातूची. तिच्या टोकाचा फुगा निळ्या पाण्यानं भरलेला, म्हणजे चुकून वार तिथे बसला तर निळं दिसेल आणि आगही लागणार नाही. हा किरण पाण्यातच जिरतो, पलीकडे जात नाही. म्हणून जिथे जिथे कापायचं नाही तिथे तिथे ओलं. डोळ्यांवर ओल्या घड्या, तोंडाभोवती ओले टॉवेल, गळ्यात ओला कापूस. तिनं स्वतः टॉवेल पिळून बाबांच्या चेहऱ्यावर पसरले, कपाळावर, गालांवर, हनुवटीखाली. या माणसाच्या चेहऱ्याला तिनं याआधी कधी हात लावला होता? आठवेना. दाढीचे खुंट ओल्या कापडातूनही बोटांना टोचत होते. ज्यानं तिला पाण्यात ढकललं त्याला ती आता पाण्यानं झाकत होती, आणि हे सुचल्याबद्दल तिला स्वतःचाच वैताग आला. तिनं पट्टी ओली केली, समोर धरली, पट्टीपुरतं "रेडी" म्हटलं. मॅडमनी वार केला. च्यक् असा बारीक आवाज, धुराची एक रेघ, आणि लाल ठिपक्याच्या बरोब्बर मध्ये काळा डाग. "बरोबर," मॅडम म्हणाल्या. "बरोबर," ती म्हणाली. "रेडी."

पडद्यावर गळा उघडला. ओलसर गुलाबी भिंती आणि मधोमध ते दोन पांढरे तंतू. बोटाच्या पेराएवढेसुद्धा नाहीत. तिनं असे कितीतरी बघितले होते, गाणाऱ्यांचे, मास्तरांचे, बाजारात ओरडून माल विकणाऱ्यांचे. पण हे बघून तिला पहिल्यांदा फसवणूक झाल्यासारखं वाटलं. एवढेसे? ज्याच्यापायी आई न्हाणीघरात जाऊन उभी राहायची, ज्याच्यापायी ती स्वतः अजूनही कुणी जोरात बोललं की खांदे आवळून घेते, ते हे? दोन पांढऱ्या दोऱ्या? त्यातल्या डावीवर, पुढच्या टोकापाशी, भाताच्या शितासारखी खरबरीत गाठ. लाल ठिपका तिच्यावर जाऊन बसला. मॅडमच्या बोटांत एक छोटी दांडी, ती त्या जरा जरा हलवत होत्या आणि ठिपका गाठीच्या कडेनं चालत होता. च्यक्, च्यक्. धूर नळीनं ओढला जात होता. तो वास आला. सवयीचाच वास. मागच्या बाजूनं कापत मॅडम पुढे पुढे सरकल्या आणि त्या नाजूक टोकापाशी पोचल्या, जिथे दोन्ही तंतू मिळतात. तिथेच भूलवाले डॉक्टर म्हणाले, "एक मिनिट. नळी जरा सरकलीय, बघू द्या."

"स्टँडबाय," ती म्हणाली. मायक्रोस्कोप बाजूला झाला. डॉक्टरांनी वाकून नळी नीट केली, उठताना त्यांचा खांदा दांड्याला लागला. लागला असं म्हणण्याइतकाही नाही, घासला. मायक्रोस्कोप परत आला. मॅडमनी डोळे लावले, दांडी धरली, ठिपका पुन्हा त्या टोकावर आणून ठेवला. बरोबर त्याच जागी. "रेडी," मॅडम म्हणाल्या, त्यांच्या त्या हळू आवाजात. म्हणजे रेडी म्हणा.

तिनं लगेच म्हटलं नाही. दांडा हलला की पुन्हा पट्टी, हे तिला माहीत होतं, मॅडमना माहीत होतं, भिंतीलाही माहीत होतं. पण हललाय कुठे, नुसता घासला तर आहे, रोजच्या गडबडीत असं होतं तेव्हा कोण पट्टी काढतं? ठिपका दिसतोय ना जागेवर, मग झालं; ठिपक्यालाच सुरी समजायची ही चूक या खोलीतली माणसं सोडून जगात दुसरं कुणी करूच शकणार नाही. आरसा सरकला नसेल. बहुतेक नसेलच. आणि सरकला असेल, केसभर, तर ठिपका गाठीवर बसलेला दिसेल आणि सुरी पलीकडच्या चांगल्या तंतूवर पडेल, आणि मग कुजबुज, कायमची. तिला कुणी नाव ठेवणार नव्हतं. धोका मॅडमनी स्वतःच आधी सांगितला होता. नाव मॅडमनाही कुणी ठेवलं नसतं, गाठच तशी अवघड जागी. कुणी काही करायचं नाही, फक्त तिनं रोज म्हणते तो शब्द रोजच्यासारखा म्हणायचा. घर शांत होईल. गॅलरीत खुर्ची टाकून ती बसेल. रेडिओ लावेल. कुणी म्हणणार नाही की बंद कर ते रडगाणं. जीभ वर उचलली गेली, टाळूला लागायला आली, र तिला तोंडात जाणवला.

आणि मग तिला राग आला. आधी कुणाचा ते कळेना. मग कळलं, या अशा फुकट मिळणाऱ्या जितीचा. कुणीतरी कनवाळूपणे तिच्या ओंजळीत टाकत होतं, घे बाई, तुझा बाप मुका झाला, आता बोल त्याला काय बोलायचं ते. मुक्या म्हाताऱ्यावर ओरडून काय मिळणार होतं? त्यानं तोंड उघडून हवा सोडली असती, आणि ती पुन्हा हसली असती, आणि ते सगळं उत्तर, एवढी वर्षं घासूनपुसून ठेवलेलं, तिच्या पोटातच कुजलं असतं. नाही. भोंग्याला उत्तर द्यायचं तर भोंगा चालू असताना. त्यानं ओरडावं, तिनं त्याच्या वर ओरडावं, आणि मग बघू कोण खाली बसतं. ते तिचं होतं, तिच्या हक्काचं. एका सरकलेल्या आरशानं ते परस्पर मिटवून टाकावं, हे तिला चालणार नव्हतं. आणि तेवढ्यात, नको असताना, दुसरंच आठवलं. पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे हे तिला कळत नव्हतं. सगळीकडे तोच हिरवा अंधार. आवाज एकाच बाजूनं येत होता, हात मार, हात मार, आणि म्हणून ती त्या बाजूला हात मारत गेली होती. स्वतःच्याच हातांनी काठाला लागली, हे खरंच. पण काठ कुठे आहे ते तिला कुणी सांगितलं होतं? हे इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं, नेमकं आत्ता आठवलं, आणि या माणसाचं आणखी एक देणं आपल्या डोक्यावर आलं म्हणून ती जास्तच भडकली.

"सिस्टर," मॅडम डोळे न काढता म्हणाल्या, "रेडी."

"पट्टी, मॅडम."

"गरज नाही. वेळ जातोय." मग आणखी हळू, आणि या हळूनंच सगळ्यांचे कान तिकडे लागले, "वडील आहेत म्हणून होतंय तुम्हाला. मी समजू शकते. रेडी म्हणा."

"नाही."

तो आवाज कुठून आला हे तिला त्या क्षणी कळलंच नाही. तिनं मागे वळून बघायचं तेवढं बाकी ठेवलं. ट्रेमधल्या चिमट्यांवरून एक किणकिण गेली, भूलवाल्या डॉक्टरांच्या हातातली सिरिंज खाली पडली, बाहेरच्या खोलीतून कुणीतरी दाराच्या काचेला नाक लावलं. या थिएटरमध्ये इतक्या मोठ्यानं कुणी कधी बोललं नव्हतं. तलावाच्या या काठापासून त्या काठाला, कानात पाणी असताना ऐकू जाईल असा आवाज. भोंगाच. टेबलावर तो गप्प पडला होता, तोंडात धातूची नळी घेऊन, आणि तिच्या गळ्यातून बोलत होता. नव्हे, तीच बोलत होती, गळा तिचा, शब्द तिचा. "दांडा हललाय. पट्टी झाल्याशिवाय मी रेडी म्हणणार नाही. तुम्ही म्हणा, दुसऱ्या कुणाला बोलवा, माझ्यावर तक्रार करा. मी म्हणणार नाही."

मॅडमनी डोळे काढले. मास्कच्या वर नुसते डोळे, त्यातून काय कळणार? "पट्टी द्या," त्या म्हणाल्या.

तिनं पट्टी ओली केली, धरली. पट्टी हलू नये म्हणून कोपर तिनं कमरेला दाबून धरलं होतं. "रेडी." च्यक्. धुराची रेघ. सगळे पुढे वाकले. डाग ठिपक्याच्या बरोब्बर मध्ये होता. जरासुद्धा इकडे नाही, तिकडे नाही. आरसा जागचा हललाच नव्हता.

भूलवाले डॉक्टर उगाच खोकले. मॅडम म्हणाल्या, "झालं समाधान?"

"झालं," ती म्हणाली, अजून तसल्याच आवाजात, कारण तो खाली कसा आणायचा ते तिला सापडत नव्हतं. "आता रेडी."

ऑपरेशन पुढे नीट झालं. गाठ निघाली, पलीकडचा तंतू पांढराशुभ्र राहिला. नंतर कपडे बदलायच्या खोलीत मॅडम चहाचा कप घेऊन तिच्या शेजारी बसल्या. "काही हललं नव्हतं, सिस्टर."

"बघितल्यावर कळलं."

"माझा हात होता दांड्यावर. मला माहीत होतं."

"मला नव्हतं."

मॅडमनी चहाचा घोट घेतला. "पुन्हा कधी असं झालं तर?"

"पुन्हा नाहीच म्हणेन."

"एवढ्याच मोठ्यानं?"

"हळू म्हटलं तेव्हा तुम्ही ऐकलं नाहीत," ती म्हणाली. त्यांच्याशी असं बोलायची ही पहिलीच वेळ होती. आता नोकरीचं काय होईल ते होवो, असं मनाशी म्हणून ती थांबली. मॅडमनी कप संपवला, धुवून जागेवर ठेवला आणि जाताना म्हणाल्या, "उद्या पहिली केस लवकर आहे. यंत्र तुम्हीच लावा."

बाबांना बोलायची सक्त बंदी होती. घर खरोखर शांत झालं, तिला हवं होतं तसं, आणि ती शांतता तिला दोन दिवसांत डाचायला लागली. ते टाळी वाजवून बोलवायचे, खुणांनी मागायचे, चुकीची वस्तू आली की डोळे वटारायचे. रेडिओ तिनं लावला आणि बंद केला. तिचा स्वतःचा आवाज मात्र त्या दिवशी जो मोकळा झाला तो पूर्वीसारखा बसायला तयार नव्हता. दूधवाल्याशी ती बोलली तर तो दचकला. धाकटा फोनवर म्हणाला, "ताई, अगं कान फाटतील, केवढ्यानं बोलतेस." तिनं आवाज कमी केला नाही. बाबा खुर्चीत बसून तिच्याकडे बघत असायचे, आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते त्यांच्या आयुष्यात प्रथमच बाहेर येत नव्हतं.

बंदी उठली त्या दिवशी हॉस्पिटलात मॅडमनी छोट्या आरशानं गळा बघितला, म्हणाल्या, छान भरतंय. "आता काहीतरी बोला. जोर लावायचा नाही. थोडंसंच." बाबांनी घसा साफ करायला तोंड उघडलं तशी मॅडमनी बोट वर केलं, खाकरायचं नाही. त्यांनी श्वास घेतला. आधी नुसती खरखर आली. मग त्या खरखरीच्या तळाशी, फुटका, जाडाभरडा, चिरफळ्या उडालेला, पण आवाज. खोलीच्या पलीकडे ऐकू गेला असता असा.

"ओरडलीस म्हणे," ते तिला म्हणाले.

भूलवाल्या डॉक्टरांच्या पोटात काही राहत नाही, हे तिला माहीत होतं. "ओरडले."

"माझ्यावर?"

"तुमच्यासाठी," ती म्हणाली. "तुमच्यावर ओरडायचं अजून बाकी आहे. आवाज नीट येऊ दे म्हणून थांबलेय."

मॅडमनी हातातला आरसा खाली ठेवला. बाबांनी तिच्याकडे बघितलं. त्यांची मान जराशी पुढे आली, गळ्यावरच्या शिरा हळूहळू वर यायला लागल्या, एक मूठ खुर्चीच्या दांडीवर बसली. तिनं ती सगळी तयारी ओळखली. नऊ वर्षांची असताना याच क्षणी ती खांदे आवळायची. आज ते आवळले गेले नाहीत.

"आला की आवाज," ते म्हणाले. "ओरड."

तिनं खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसली. "खोल पाण्यात ढकललंत मला," ती म्हणाली. बाहेर बाकावर बसलेल्या माणसांनी दाराकडे माना वळवल्या. "दगड म्हणालात. सगळ्यांसमोर. आणि मी काठाला लागले ते तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत." बाबांनी तोंड उघडलं, श्वास भरून घेतला. तिनं तळहात त्यांच्यासमोर आडवा धरला.

"स्टँडबाय," ती म्हणाली, आणि पुढे बोलत राहिली.